आपल्या भाषेत सांगा, उस्ताज

त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर चार माणसं नुसत्या कुतूहलानं शोधायला जातील, आणि माझ्या तोंडून तिची तेवढीही जाहिरात व्हायला नको. मला सांगायचंय ते तफीदाबद्दल. सांगताना माझा आवाज चढेल, तो चढू द्या. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत अरबी शिकवलं. आवाज चढला तरी व्याकरण चुकत नाही माझं. हीच तर खरी रड आहे, पण ते पुढे येईल.

महल्ल्यात, म्हणजे इजिप्तमधल्या कापडगिरण्यांच्या आमच्या शहरात, आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी दुसऱ्या मजल्यावर, तफीदा तिसऱ्या. गल्ली मला ‘अब्ला’ म्हणते, म्हणजे बाई, शाळेतल्या बाई. अब्ला सुहैर. तफीदा मात्र सगळ्यांची नुसती तफीदा. सहावीपर्यंत शिकलेली, पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. बावीस वर्षं एका टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालत उभी राहिली. मग घड्या घालणारं यंत्र आलं आणि त्या खात्यातल्या सगळ्या बायका घरी बसल्या. नवरा मायक्रोबस चालवायचा, पण पाठीच्या दुखण्यानं त्याचे आठवड्यातले निम्मे दिवस पलंगावर जायचे.

अशा घरात तिची मावसबहीण निर्मीन रंगीत कॅटलॉग घेऊन आली नसती तरच नवल. निर्मीन वाईट मुलगी नाही, पण तिच्या डोक्यात कुणी काही भरलं की ते तसंच्या तसं तोंडावाटे बाहेर पडतं. म्हणाली, “तफीदा, आता तू कुणाची नोकर नाहीस. तू उद्योजिका.” साबण, मलम, शाम्पू घ्यायचे, ओळखीत विकायचे, आणि ओळखीतल्यांनाही विकायला लावायचं, असा तो धंदा. तफीदानं होकार दिला. दुसरं करण्यासारखं काय होतं तिच्यापाशी?

चार दिवसांनी संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. हातात कंपनीची प्रशिक्षण-पुस्तिका.

“अब्ला, हे जरा समजावून सांगता का? पाठ करायचंय, आणि मला वाचताच येत नाहीये.”

मी चष्मा लावला. पहिल्याच पानावर आज्ञा होत्या. ‘विकणे’ हा शब्द वापरू नये, ‘सहभागी करून घेणे’ म्हणावे. ‘गिऱ्हाईक’ म्हणू नये, ‘यशाचा सहप्रवासी’ म्हणावे. ‘साबण’ तर अजिबात म्हणायचं नाही. ‘त्वचेच्या पेशीस्तरीय पुनरुज्जीवनाची प्रणाली’.

“पुनरुज्जीवन म्हणजे काय हो?”

“मेलेलं पुन्हा जिवंत करणं.”

“साबणानं?”

“पेशींचं म्हणे.”

“त्या कोण?”

“अगं, अंगातले अगदी बारीक कण.”

तफीदानं आपला हात उलटसुलट करून पाहिला. “आणि ते मेलेत हे यांना कुणी सांगितलं?”

मी हसले. तीही हसली. पण दोन तास आम्ही ती पुस्तिका घोकत बसलो, कारण तिला वाटत होतं की न समजणं हा आपलाच दोष आहे. आमच्या लोकांना असंच वाटत आलंय. गल्लीत एक भाषा बोलायची. शाळेत, कचेरीत, वर्तमानपत्रात दुसरी. त्या दुसऱ्या भाषेत कुणी बोलायला लागलं की आमची माणसं आपोआप पाठ ताठ करतात, मान हलवतात आणि गप्प बसतात. मी तीच दुसरी भाषा शिकवत आले. मान हलवणाऱ्या पोरींना मी कधी विचारलं नाही की बाई गं, कळलं का?

पाठांतर काही जमलं नाही. तफीदा वाण्याच्या बायकोसमोर उभी राहिली, पहिलं वाक्य सुरू केलं, ‘पुनरु’पाशी अडखळली आणि वैतागून म्हणाली, “हे बघ, हा भांड्यांचा साबण आहे. काल बदक भाजलेलं तुपकट तबक मी यानं घासलं, एका फेरीत निघालं. पण हाताला कोरड पडते. हातमोजे घालणार नसशील तर घेऊ नकोस. वास लिंबाचा म्हणतात, मला तर औषधाच्या दुकानासारखा येतो.”

“मग घेऊ कशाला?”

“तबकं निघतात म्हणून.”

वाण्याच्या बायकोनं दोन बाटल्या घेतल्या.

त्यानंतर तफीदानं पुस्तिका उघडली नाही. ती जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नघरी गाजरं-वांगी कोरत बसलेल्या बायकांत, जिथे असेल तिथे आपल्याच भाषेत बोलायची. मलम घेऊन एखादी पोरगी लाजत विचारायची, “तफीदा, यानं गोरी होईन का गं?” “नाही होणार. व्हायची असतीस तर आईच्या पोटातच झाली असतीस. टाचांच्या भेगा मात्र बुजतात, हे बघ,” असं म्हणून चप्पल काढून स्वतःची टाच दाखवायची. शाम्पूबद्दल सांगायची, “केस गळायचे थांबत नाहीत. माझे थांबले नाहीत, तुझे कसे थांबतील? पण विंचरायला सोपे जातात.” बायका हसायच्या आणि घ्यायच्या. पुढच्या महिन्यात पुन्हा मागायच्या, कारण जे सांगितलं होतं तेच झालेलं असायचं. सहा महिन्यांत तिचा माल निर्मीनच्या चौपट जाऊ लागला.

तेव्हा शेजारच्या तांता शहरातून उस्ताज हातिम, म्हणजे हातिम साहेब, आले. हे कंपनीचे आमच्या भागातले वरचे माणूस. चकचकीत कोट, दाढी रेघेनं आखल्यासारखी, आणि बोलणं सगळं वर्गातल्या अरबीत, चहात साखर किती हे सांगतानासुद्धा. तफीदाच्या बैठकीच्या खोलीत मीही होते.

“मदाम तफीदा, आपल्या कामगिरीविषयी आम्हास नितांत आदर आहे. तथापि आपण उत्पादनाच्या मर्यादांचे कथन करता, असे आमच्या निदर्शनास आले आहे.”

तफीदानं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सांगितलं, “मालातली खोट का सांगतेस, म्हणून विचारतायत.”

“उस्ताज, मी याच गल्लीत राहते,” ती म्हणाली. “मलमानं जी गोरी झाली नाही ती उद्या सकाळी उसळीच्या गाडीपाशी मला गाठणार. हातात भाकरी असताना चारचौघींत विचारणार. तुम्हाला कुठे गाठेल ती?”

हातिम साहेबांनी स्मित केलं. त्या माणसाला कुठल्याही प्रश्नावर स्मित करता यायचं.

मग आली ती पावडर. हिरवी, कडू, डब्यावर झाडाचं पान आणि सोनेरी अक्षरं. साखरेच्या आजारासाठी. तसं डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं बरं का, पण बाकी सगळं लिहिलेलं होतं. तफीदाच्याच घरी बैठक ठरली, गल्लीतल्या दहा-बारा बायका जमल्या. चौथ्या मजल्यावरच्या हाज्जा फकीहाही काठी टेकत खाली आल्या. सत्तरीच्या, हज करून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. बारा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू. हातिम साहेबांनी पत्रक माझ्याकडे दिलं. “आमच्यात भाषेच्या जाणकार बसल्या असताना मी का वाचू?”

मी फुशारले. लपवून काय उपयोग, मी फुशारलेच. उभी राहिले आणि खणखणीत वाचलं: “हे निसर्गदत्त मिश्रण शरीरास बाह्य हस्तक्षेपांवरील अवलंबनातून क्रमशः मुक्त करून शर्करेच्या स्वयंनियमनाकडे परतण्याच्या प्रवासात साहाय्यभूत ठरते.”

वाक्य निर्दोष होतं. एक प्रत्यय इकडचा तिकडे नव्हता. निवृत्त झाल्यापासून असं वाक्य मोठ्यानं वाचायला मिळालं नव्हतं मला.

हाज्जा म्हणाल्या, “वा! रेडिओवरच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटलं. काय म्हणालं गं ते, अब्ला?”

“चांगलं लिहिलंय, हाज्जा,” मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. त्यांनी अर्थ विचारला होता आणि मी त्यांना शैलीबद्दल सांगितलं.

प्रश्न विचारला तो एकट्या तफीदानं. “उस्ताज, म्हणजे गोळी घ्यायची की बंद करायची?”

“शरीराची आपली एक प्रज्ञा असते, मदाम. ते स्वतः निर्णय घेते.”

“शरीर बोलत नाही, उस्ताज. तुम्ही बोलता. घ्यायची की नाही?”

“हा प्रवास प्रत्येकाचा वेगळा असतो.”

“डॉक्टरांना विचारायचं का?”

“आम्ही कोणालाही काही करण्यापासून परावृत्त करत नाही.”

तफीदानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा निर्मीननं तिच्या दंडाला चिमटा काढला. बैठक उठल्यावर हातिम साहेबांनी डबे तिच्या दारात ठेवायला सांगितले. ती म्हणाली, “गाडीत परत घेऊन जा. मला कळलं नाही ते मी विकत नाही.” निर्मीननं ते डबे आपल्याकडे घेतले.

हाज्जा फकीहांनी निर्मीनकडून पावडर घेतली, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हाज्जांनी सांगितलं नाही, कारण तफीदा ओरडेल अशी भीती. निर्मीननं सांगितलं नाही, कारण तिला सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

हाज्जा रोज सकाळी भाकरीसाठी दोरीनं टोपली खाली सोडायच्या. पाचेक आठवडे गेले असतील. एका सकाळी टोपली आली नाही. तफीदा भाकऱ्या घेऊन वर गेली, आणि तिची हाक मी दुसऱ्या मजल्यावर ऐकली. धावत गेले. हाज्जा पलंगावर, ओठ सुकलेले, बोलणं बरळल्यासारखं. पायाला फडकं गुंडाळलेलं. तफीदानं ते सोडलं. चपलेच्या पट्ट्यानं घासलेली लहानशी जखम असावी आधी. आता दोन बोटं काळी पडली होती. तो वास मी अजून विसरलेले नाही.

तफीदानं नवऱ्याला पलंगावरून उठवलं, आम्ही हाज्जांना मायक्रोबसमध्ये आडवं घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. दोन बोटं कापावी लागली. जीव वाचला. तिसऱ्या दिवशी त्या नीट बोलायला लागल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळ्या कधी बंद केल्यात, आजी? आणि का?”

हाज्जा फकीहा, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ती बाई अगदी शुद्ध उच्चारात म्हणाली, “त्या बाह्य हस्तक्षेप होत्या ना.”

माझ्याच उच्चारात. मी वाचलं होतं तसं.

तफीदानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्याच महिन्यात तांताच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये कंपनीचा मेळावा होता. तफीदाला ‘सुवर्ण’ दर्जा मिळणार होता. मला वाटलं, ती जाणारच नाही. पण तिनं काळा अबाया इस्त्री केला आणि माझं दार वाजवलं. “अब्ला, चला. आणि ते पत्रक घ्या बरोबर.”

तीन-चारशे माणसं. कान फाटतील असं संगीत. एकेकाला व्यासपीठावर बोलवायचे, तो रडायचा, टाळ्या पडायच्या. तफीदाच्या हातात त्यांनी वाचायचं भाषण दिलं होतं. तिनं ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि माझ्याकडून पत्रक घेतलं.

माईक हातात आल्यावर ती म्हणाली, “सलाम. मी महल्ल्याची तफीदा. मला मोठ्या शब्दांत बोलता येत नाही. या कागदावर एक वाक्य आहे, ते मला उस्ताज हातिम यांनी आपल्या भाषेत सांगावं. आईला सांगतो ना, तसं.” आणि एकेका शब्दावर बोट ठेवत, चुकत, थांबत, तिनं ते अख्खं वाक्य वाचलं. तिच्या तोंडी ते वाक्य होतं तसं दिसलं. ठिगळांचं, आत काहीच नसलेलं.

हातिम साहेब हसत पुढे आले. “मदाम तफीदा, ही वैज्ञानिक परिभाषा आहे.”

“असू दे. तुमच्या आईला साखर आहे का, उस्ताज?”

तो माणूस गडबडला असावा. नाहीतर त्यानं उत्तर दिलंच नसतं. “आहे. परंतु ती, अल्लाहच्या कृपेने, डॉक्टरांच्या नियमित देखरेखीखाली आहे.”

“म्हणजे गोळी घेते.”

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

“गोळी घेते ना?” तफीदाचा आवाज चढला. “मग माझ्या हाज्जाला का नाही सांगितलंत, की बये, आमची आईपण घेते, तूही घे? सहा शब्द! त्याला कुठली परिभाषा लागते? दोन बोटं कापली तिची! कळू नये म्हणून असं लिहिता तुम्ही. कळलं असतं तर एकीनंही...”

माईक बंद झाला. ती तरीही बोलत राहिली. कारखान्यातल्या यंत्रांच्या वर आवाज काढायची बावीस वर्षांची सवय होती. पण त्यांनी संगीत सोडलं, आणि कोट घातलेले दोघे तिला अदबीनं, दंड धरून, बाजूच्या दारातून बाहेर घेऊन गेले. ती बाहेरच्या पायरीवर बसली. आतून टाळ्यांचा आवाज आला. पुढच्या माणसाला बोलावलं होतं.

सगळं उघडं पडलं, कंपनी पळाली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी स्वतः अर्ज लिहिला आणि आम्ही सरकारी कचेरीत तक्रार द्यायला गेलो. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं पत्रक तीनदा वाचलं, हॉस्पिटलचे कागद पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, “अब्ला, यात ‘औषध बंद करा’ असं कुठे लिहिलंय?”

“त्याचा अर्थ तोच आहे. तुम्हाला कळतोय ना?”

“मला कळतोय. कागदावर दाखवता येत नाही.”

म्हणजे ज्या वाक्याला मी निर्दोष म्हटलं, ते खरोखरच निर्दोष होतं. कुठूनही पकडता येणार नाही, असं घडवलेलं. कुणीतरी माझ्यासारखंच शिकलेलं माणूस टेबलाशी बसून ते घडवत होतं, या विचारानं माझं डोकं आजही तापतं. शिव्या देणारा, खिसा कापणारा निदान समोर तरी येतो.

कंपनीचं पत्र आलं, तीन पानी. तफीदानं ते माझ्यापुढे टाकलं. ‘परस्पर मूल्यसंवादातील विसंगतीच्या पार्श्वभूमीवर’ वगैरे. मी म्हटलं, “तुला काढून टाकलं.”

“एवढंच? मग तीन पानं कशाला?” आणि ती कांदा चिरायला निघून गेली.

हाज्जांपाशी जायला मला बरेच दिवस लागले. एका दुपारी मसुराचं सार घेऊन चौथा मजला चढले. त्यांच्या पलंगाशी बसले आणि म्हणाले, “हाज्जा, त्या दिवशी मी वाचलं ना, ते मलासुद्धा कळलं नव्हतं. आवाज छान लागला म्हणून मी खूश झाले होते.”

त्यांनी सार ढवळलं. “मला वाटलं तुला कळलंय, अब्ला,” म्हणाल्या. “तू वाचलंस म्हणून मी घेतलं. निर्मीन तर काय, पोर आहे.”

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. सार मात्र संपवलं.

तफीदा आता चादरी शिवणाऱ्या एका कारखान्यात आहे. दिवसभर उभं राहायचं काम. टाचा पुन्हा दुखतात. तिच्याकडून घेणाऱ्या बायका अजून जिन्यात अडवतात, “तो भांड्यांचा साबण कुठे मिळेल गं?” ती सांगते, “बाजारात दुसरा आहे, तसाच.” शुक्रवारी गल्लीतली कुणी ना कुणी तिला डॉक्टरांकडे सोबत म्हणून नेते. ती औषध कळल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही, हे आता दवाखान्यातही माहीत झालंय. एक डॉक्टर तर तिला पाहिलं की आधी पेन खाली ठेवतात.

आणि निर्मीन? निर्मीन दुसऱ्या कंपनीत गेली. परवा रमजानात, रोजा सुटायच्या ऐन वेळेला, नवा कॅटलॉग घेऊन तफीदाच्या दारात हजर. मीही तिथेच जेवायला होते. माझ्या तोंडात खजूर तसाच राहिला. मला वाटलं, आता तफीदा तिला जिन्यावरून खाली ढकलणार. आणि तिनं ढकललं असतं तर मी मागून हात लावला असता.

तफीदानं तिच्याकडे पाहिलं, कॅटलॉगकडे पाहिलं. “तो बाहेर चपलांपाशी ठेव,” ती म्हणाली. “आणि आत ये, अन्न गार होतंय.”

निर्मीन आत आली, बसली, भरलेल्या द्राक्षाच्या पानांकडे हात नेला. तफीदा तिला वाढत होती, रागानं, चमचा ताटावर आपटत, पण वाढत होती. रक्ताचं नातं आहे तिचं, ती वाढणार. माझं काही नातं नाही. मी खजुराची बी थुंकली, पाणी प्यायले आणि माझ्या घरी खाली जाऊन एकटीनं जेवले.